लोखंडी नांगराची रेकॉर्ड

१ फेब्रुवारी २००९, रविवार

सगळ्यात आधी कोण टपकलं, तर शेजारची द्वारकाबाई. पाव्हणे आमचे, नात आमची, पोहे आमचे, अन् सतरंजीवर पहिली बैठक हिची. म्हणली, साखर मागायला आल्ते. हातात वाटी न्हाई. साखर काय मुठीत नेणार होती? बसली ते बसली, भिंतीला पाठ लावून, अन् पाव्हण्यांची जीप गेल्यावरच उठली. पोहे दोन डाव खाल्ले. वर म्हणती, मीठ कमी पडलं.

आजपासून द्वारकाबाईसंगं बोलणं बंद.

पाव्हणे मंजी हसनाबादचे रामराव, त्यांची मालकीण उषाबाई, अन् पोरगा धर्मराज. आमच्या बेबीनंदाला पाहायला आल्ते. रामराव टोपी इस्त्रीची घालतेत. बोलले कमी, खाकरले जास्ती. त्यांच्या घरात म्हणे टीव्ही फक्त बातम्यापुरता लावतेत, बातम्या झाल्या की वरून रुमाल टाकतेत. टीव्हीला काय थंडी वाजती का. उषाबाईची मान लांब. बसल्या जागेवरून तिनं आमची चूल, न्हाणी, माळवदाचा जिना सगळं पाहून घेतलं. माझा सुजलेला पाय तेवढा पाहायचा राह्यला होता, तो निघताना पाह्यला.

पोरगा मात्र बरा. पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत हाये. नखं साफ. आला अन् मान खाली घालून बसला. मला वाटलं मुका हाये, मध्यस्थानं लपवलं. पण कोपऱ्यात आमच्या मालकांची रेकॉर्ड वाजवायची मशीन हाये, तिच्यावरचं जुनं लुगडं जरा सरकलं होतं. ती दिसली अन् पोरगं ताडकन उभं राह्यलं. "आज्जी, ही चालू हाये का?" म्हणलं, मी चालू हाये, मंग तिला काय झालं?

मंग दोघांना अंगणात बोलायला सोडलं. मी खिडकीत तांदूळ निवडायला बसले. तांदूळ कालच निवडले होते. पोरगा सांगत होता, त्याला परदेशातल्या बाप्यांचा एक बँड लई आवडतो. त्यांची जुनी रेकॉर्ड कंपनीनं आता नव्यानं छापली, ती घ्यावी वाटती. पहिली बाजू तोंडपाठ हाये म्हणला. बेबीनं विचारलं, मंग घेत का न्हाई? म्हणला, घेऊन काय करू, वाजवायला मशीनच न्हाई, कव्हर बघत बसू का? अन् बेबी हसली.

ह्याच्या आधी जे जे पाहायला आले त्यांच्यापुढं पोरगी हसली न्हाई. एकानं रंग पाह्यला. एकाला मुलगी उंच झाली, तो काय तिला खिशात घेऊन फिरणार होता? एकाची आई म्हणली, शाळेत शिकवती मंजी तोंडाळ असंल. बेबी मंठ्याला शाळेत मास्तरीण हाये, पण तोंडाळ बिलकुल न्हाई. ते खातं घरात माझ्याकडं हाये. तर आज पोरगी हसली. ही सोयरीक जमलीच पाहिजे. अन् जमवायची अक्कल घरात कुणाला हाये हे लिहायला नको.

पाव्हणे बावीस तारखेला शब्द द्यायला येणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. पाव्हण्याच्या पोराला ती रेकॉर्ड घ्यायची.

घरात सांगितलं तर सगळ्यांची तोंडं एरंडेल पिल्यासारखी. आमचा काकासाहेब, बेबीचा बाप, म्हणला मनगटी घड्याळ देऊ. घड्याळ! रोडवर मंडपाचं दुकान टाकल्यापासून ह्याला वाटतं लग्नातलं सगळं आपल्यालाच कळतं. दुकानात काय हाये, तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बसलं की चिमटा घेतेत. सूनबाई कांता म्हणली, "आत्याबाई, सफारीचं कापड देऊ." पुण्याच्या पोराला सफारी. हिनं भावाच्या लग्नात भावाला खाकी सफारी शिवली, तर वऱ्हाडातली माणसं त्याला आपली टपालं मागत होती.

रेकॉर्डचं मला विचारा म्हणावं. आमचे मालक तातेराव, लाउडस्पीकरवाले म्हणून सगळ्या तालुक्यात नाव. कॅसेटी यायच्या आधी ह्यांच्या भोंग्याबिगर लग्न लागत नव्हतं. बैलगाडीत मशीन मांडीवर घेऊन बसणारी बाई मी. मूल खाली, मशीन मांडीवर. अन् रीत बी आम्हीच पाडली. पाव्हण्यांची गाडी गावच्या शिवेवर आली की भोंगा सुरू करायचा, अन् पहिली रेकॉर्ड एकदम कोरी लावायची. गावानं न ऐकलेली, घरच्यांनी बी न ऐकलेली. पहिल्यांदा ऐकायचा मान पाव्हण्याचा. उष्टं ताट पाव्हण्यापुढं ठेवतो का आपण? मंग उष्टी रेकॉर्ड कशी लावावी? आताची डीजेवाली पोरं रोज तेच उष्टं वाजवतेत, म्हणून लग्नं टिकून न्हाई राह्यली.

मालकांना विचारलं. त्यांना ऐकू येत न्हाई, सगळी उमर भोंग्याखाली गेली. म्हणले, "हां." त्यांचं सगळ्यालाच हां असतं. मंजी होकार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बेबीला रजा टाकायला लावून जालन्याला गेले. कॅसेटवाल्याला म्हणलं रेकॉर्ड दाखव. तर हसायला लागला. "आज्जी, सीडी कुणी घेऊन न्हाई राह्यलं, रेकॉर्ड कुठून आणू? सगळे मोबाइलात भरून घेतेत." म्हणलं, मंग शटर कशाला वर केलं बाबा, हवा यायला? दुसऱ्यानं अभंगाची सीडी पुढं केली. माझं वय पाहून केली. मी काय मरायला टेकले का? तिसऱ्यानं भंगारवाल्याचा पत्ता दिला. एवढं मोठं शहर, लोखंडाच्या भट्ट्या काय, बियाण्याच्या कंपन्या काय, अन् एक रेकॉर्ड मिळना. काय करायचं असलं शहर.

बेबीनं बँडचं नाव सांगितलं, आयर्न प्लाऊ. मंजी मराठीत लोखंडी नांगर. मला लई बरं वाटलं. शेतकरी माणसं हायेत तर! नांगरटीची गाणी असतील, औतामागं म्हणायची. रामरावांना बी पटंल. टीव्हीवरचा रुमाल काढून ऐकतील.

येताना एसटीत बेबीच्या मोबाइलवर सारखे मेसेज येत होते, अन् ती वाचून खुदूखुदू हसत होती. म्हणलं, कुणाचे गं? म्हणली, "कंपनीचे हायेत, आज्जे." मोबाइलच्या कंपन्या सध्या चांगले विनोद टाकून राह्यल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

गुडघा. आजपासून गोड बंद.

द्वारकाबाई शिरा घेऊन आल्ती. बोलले न्हाई. नुसता खाल्ला. वेलदोडा कमी होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

बेबीनं मंठ्याच्या सायबर कॅफेत बसून मुंबईचं एक दुकान हुडकलं. त्याच्याकडं लोखंडी नांगर हाये! फोन मीच लावायला सांगितला, पोरीच्या जातीला भाव करता येत न्हाई. दुकानदार हिंदी बोलायला लागला. मी बी हिंदी सोडली, आपल्याकडं निजामाच्या काळापासून हाये ती. म्हणलं, रेकॉर्ड पुरानी है ना? म्हणला, "हां माताजी, बहुत पुरानी, क्लासिक." म्हणलं, तो सस्ते में लगाव. म्हणला, पुराना गाना है, लेकिन नया छापा है, इसलिए महँगा है. घ्या! जुन्याला नवं केलं की भाव चढतो म्हणे. म्हातारीला नवं लुगडं नेसवलं तर म्हातारी महाग होती का? तसं असतं तर द्वारकाबाई दर दिवाळीला विकायला काढावी लागली असती.

तो काही ऐकंना. मुंबईची माणसं ऐकून घेतच न्हाईत, त्यांना सवयच न्हाई. घेतो म्हणलं.

पण एक पेच पडला. आमच्या धंद्यात सुई टेकवून पाह्यल्याबिगर रेकॉर्ड घेत न्हाईत, चरा असला तर? अन् घरच्यांनी तर ऐकायची न्हाई, कोरी राह्यली पाहिजे. काकासाहेब असता तर हातावर हात ठेवून बसला असता. मी बराबर तोड काढली. दुकानदाराला म्हणलं, फोन भोंग्याजवळ धर अन् वाजव. अन् इकडं फोन मालकांच्या कानाला लावला. ह्यांना ऐकू येत न्हाई, मंजी रेकॉर्ड कोरी ती कोरी राह्यली. अन् कानाला हादरा बसतो, मंजी चरा असला तर ह्यांना कळतो. मी अन् बेबी गोठ्यात जाऊन कानात बोटं घालून उभ्या राह्यलो. म्हैस आमच्याकडं पाहून राह्यली.

परत आले तर मालक फोन सोडंनात. पाय हलवून राह्यले. म्हणले, "खरखर बिलकुल न्हाई. दुसरी बाजू लाव म्हण." बिचारे. जुनी सवय, हादऱ्यावरच खूश.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कांताला वाटतं माझं ध्यान न्हाई. पण पाव्हण्यांसाठी आणलेले काजू कमी झालेत.

(मी थोडेच खाल्ले होते.)

१४ फेब्रुवारी, शनिवार

पार्सल आलं! पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत अर्धी आळी ओट्यावर. ह्या लोकांना कामं न्हाईत.

रेकॉर्ड जाडजूड, वजनदार. आपल्या वेळच्या अशा नव्हत्या. कव्हरवर लाल आभाळ, त्याच्याखाली एक सापळा नांगर धरून उभा. बैल बी सापळेच. कांता "अगं माय" करून चुलीपर्यंत मागं सरली. म्हणलं, भ्यायला काय झालं? दुष्काळाचं चित्र हाये. बहात्तरला आमचे बैल हुबेहूब असेच दिसत होते, मालक बी. परदेशातल्या माणसाला आपली कदर हाये पाहा, आपल्या सरकारला न्हाई.

नवी वस्तू, म्हणून पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. सापळ्याच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट ओलं होतं, जरा ओघळलं, पण शोभा आली. बेबी म्हणली, "आज्जे, कव्हरला बोट बी लागू देत न्हाईत हे लोक." म्हणलं, हे लोक मंजी कोण, अन् तुला गं काय माहीत त्यांचं? तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उन्हात फिरती, मंग दुसरं काय होणार.

मागच्या बाजूला चार बाप्ये उभे, केस कमरेपर्यंत अन् तेलाचा थेंब न्हाई. एकाच्या बी मागं आई न्हाई वाटतं.

द्वारकाबाईनं विचारलं, "गिरजाबाई, हा कोणता देव म्हणायचा?" बोलणं बंद होतं, पण देवाधर्माचं विचारलं तर सांगावं लागतं. म्हणलं, रानातला हाये. तिनं हात जोडले अन् कव्हरपुढं दोन काजू ठेवले. काजू कुठले आणले तिनं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांनी माळवदावर बांबू उभा करून भोंगा बांधला. तोंड शिवेच्या रस्त्याकडं. कालपर्यंत खाटेवरून उठताना "आई गं" करणारा माणूस, आज दातात तार धरून जिना चढून राह्यला. मशीन बी वरच नेली. सुईच्या डोक्यावर मेणानं नाणं चिकटवलं, सुई उडू नये म्हणून. ही आपली हिकमत. परदेशातल्या बाप्यांना सुचलं नसतं.

काकासाहेब म्हणला, "आई, ऐक माझं, मी दुकानातले बॉक्स आणतो, हळू आवाजात सनई लावू." म्हणलं, तुझ्या बॉक्सनं मागच्या हंगामात नवरदेवाची घोडी नवरदेवासकट पळाली, ती शहागडकडं जाऊन सापडली. तो खुर्च्या मोजायला दुकानात निघून गेला. लहानपणापासून त्याचं असंच.

बेबी म्हणली, "आज्जे, एकदा ऐकून तर घे तू. ही गाणी जरा वेगळी असतेत." म्हणलं, वेगळी मंजी काय, गाणं ते गाणं. अन् रीत मोडायची का पाव्हण्यासाठी केलेली? ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण तेव्हा मी बोलत होते.

संकल्प. बावीस तारखेपर्यंत कांताला टोमणा मारायचा न्हाई.

(हे लिहीस्तोवर तिनं दूध उतू घालवलं. संकल्प उद्यापासून.)

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सगळा बंदोबस्त झाला. लायनमनला विचारून ठेवलं. रविवारी लाइट दुपारची जाती. पाव्हणे सकाळी येणार. बराबर बसलं.

काकासाहेब शिवेवर उभा राहील, जीप दिसली की मिस कॉल देईल. त्याच्या जोगतं काम शोधायला मला दोन दिवस लागले.

पुरण कांता घालणार. तिचं पुरण पातळ असतं, पोळीतून पळतं. संकल्प चालू हाये म्हणून तिला बोलले न्हाई, इथं लिहिलं.

रेकॉर्ड लागली की काय काय होईल ते डोळ्यापुढं दिसून राह्यलं. जीप डौलात येईल. गाव ओट्यावर येईल. रामराव म्हणतील, वा, पाव्हण्याचा मान करावा तर तातेरावांच्या घरानं. मी म्हणेन, आमचं काय, आमचे मालक लाउडस्पीकरवाले. पोरगं खाली उतरून आधी माझ्या पाया पडंल. गुडघा दुखतो म्हणून मी बसूनच आशीर्वाद देईन.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

बेबीला हिरवी साडी. रात्रीपासून मोबाइल हातातून सोडला न्हाई पोरीनं. पाव्हण्यांना उशीर होऊन राह्यला. हसनाबाद काय लंडनला हाये का? उषाबाई नटत असंल. मान लांब, दागिने जास्ती लागणार.

मिस कॉल आला!

२२ फेब्रुवारी. दिवे लागल्यावर

सगळं झकास झालं. दमले. बाकीचं उद्या लिहीन.

२३ फेब्रुवारी, सोमवार. महाशिवरात्र

उपास हाये. भगर खाल्ली. कांतानं आमटी खारट केली. आता निवांत लिहिते.

तर मिस कॉल आला, मी अंगणातून वर हात केला, मालकांनी सुई टेकवली. आधी नुसतं खर्र. मंग असं झालं, जसं कापसाच्या चालत्या जिनिंगमधी कुणी पहार टाकली. त्याच्यात एक बाप्या वरडायला लागला. त्याचा पाय अडकला असंल तिच्यात. आमच्या म्हशीनं दावं तोडलं. समोरच्या लिंबावरचे कावळे गेले ते अजून आले न्हाईत. पोस्टातून येताना काही बिघडलं असंल असं आधी वाटलं, मंग ध्यानात आलं की मुंबईवाल्यानं बनवाबनवी केली. नांगरटीचं गाणं म्हणून दुसरंच दिलं.

सगळ्यात आधी द्वारकाबाई पळत आली. पाण्याची बादली घेऊन. "आग कुठं लागली गं माय?" पदर खोचलेला, पायात चप्पल न्हाई. काही म्हणा, बाई वेळेला येती. बोलणं सुरू केलं.

मी मालकांना हाका मारून राह्यले, बंद करा, बंद करा. ते डोळे मिटून मशीनजवळ बसलेले, मांडीवर ठेका धरून. इतकी वर्षं जेवायला या म्हणून बोंबलते ते ह्या माणसाच्या कानात शिरलं न्हाई, अन् हे शिरलं. जिना चढायला मला वेळ लागतो. मी वर पोचायच्या आत लाइट गेली. लाइट वेळेवरच गेली, पाव्हणे उशिरा आले. माझ्या बंदोबस्तात काही चूक न्हाई.

जीप मात्र लवकर येईना. काकासाहेबानं नंतर सांगितलं, आवाज ऐकला अन् डायव्हरला वाटलं जीपचं इंजिन फुटलं. त्यानं शिवेवरच गाडी थांबवली अन् बॉनेट उघडून आत डोकं घातलं. रामराव बी खाली उतरून त्यात पाहून राह्यले होते. लाइट गेल्यावर आवाज थांबला, तर डायव्हर म्हणला, झाली दुरुस्त. कच्चा डायव्हर. स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखत न्हाई.

मंग आले. बसले. कुणी काही विचारलं न्हाई, त्यांना वाटत होतं जीपचंच होतं. मी बी बोलले न्हाई. जेवणं झाली. पुरण पातळच होतं. रामरावांनी टोपी सारखी केली, खाकरले, अन् म्हणले, "तर मंडळी, आमच्याकडून ह्या सोयरिकीला," अन् लाइट आली. डोक्यावरचा बल्ब लागला. उषाबाई म्हणली, "पाहा, शब्द निघाला अन् उजेड पडला. शकुन झाला." सगळे हसले. बेबी पानाचं तबक घेऊन उभी होती, ती बी.

आमची मशीन जुनी हाये. आधी गरम होती, मंग बोलती.

मालकांनी सुई उचलली नव्हती. आधी माळवदावर भोंगा नुसता गुणगुणला, मंग वाढत वाढत तो पाय अडकलेला बाप्या पुन्हा सुरू झाला, बरोबर आमच्या डोक्यावर. उषाबाईची सुपारी घशात गेली. कांतानं तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, जरा जास्तीच मारल्या. काकासाहेब वर पळाला अन् वायर उपटली. मालक वरून म्हणले, "कुणी बंद केलं रे?"

रामराव म्हणले, "हा काय प्रकार हाये?" मी म्हणलं, प्रकार कसला, मान हाये तुमचा. तुमच्या धर्मराजच्या आवडीची रेकॉर्ड हाये, मुंबईहून मागवली. सगळे पोराकडं पाहायला लागले. पोरगं बापाकडं पाहायला लागलं. म्हणलं, "मी? न्हाई बा. मी असलं ऐकत न्हाई. आमच्या कंपनीतली काही पोरं ऐकतेत."

बेबी म्हणली, "पहिली बाजू तोंडपाठ हाये म्हणले होते ना तुम्ही?" हळूच म्हणली. त्यानं तिच्याकडं पाह्यलंच न्हाई. "तुमचा काहीतरी गैरसमज झाला," म्हणला, अन् हे बी बापाकडंच पाहून म्हणला.

मंग बेबी जिना चढून गेली, रेकॉर्ड खाली आणली, कव्हरात घातली अन् त्याच्यापुढं धरली. "घ्या. तुमच्यासाठीच घेतली हाये." पोरानं दोन्ही हात मांडीखाली घातले. "नको. आमच्याकडं चालणार न्हाई." बेबी तशीच हात पुढं करून उभी. त्यानं एकदा, नुसतं एकदा, कव्हराकडं पाह्यलं, डोळे भरून, अन् पुन्हा मान खाली. किती सभ्य पोरगा! भेट घ्यायला बी लाजतो. हल्लीची पोरं हुंड्यात मोटारसायकल मागतेत अन् ह्याला फुकटची रेकॉर्ड नको.

बेबीनं हात मागं घेतला अन् हसली. त्या दिवसासारखी न्हाई, जरा वेगळंच हसली. पण हसली मंजी पसंत हाये.

आज सकाळपासून ती अन् मालक माळवदावर बसलेत. भोंगा सोडून ठेवला, कांताच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यावर मशीन ठेवून दुसरी बाजू लावली, सुईचा आवाज डब्यात घुमतो तेवढाच. दोघं बी माना हलवून राह्यले. मी सापळ्याचं कुंकू पुसून देते म्हणलं, तर बेबी म्हणली, "राहू दे, आज्जे. आता आपलीच हाये ना ती." मोबाइल खाली चुलीजवळ पडला हाये. कंपनीचे मेसेज येऊन राह्यले, ती पाहायला बी उतरली न्हाई. कांता कोपऱ्यात रडून राह्यली. हिला सुखात बी रडायला येतं.

शब्द द्यायचा राह्यला एवढंच. सुपारी अडकलेली बाई घेऊन माणूस शब्द कसा देणार? पण जीपमधी पाय ठेवताना रामराव स्वतःहून म्हणले, "येतो आम्ही पुन्हा. बुधवारी येतो." उषाबाई बी आतून म्हणली, "हो हो, बुधवारीच." एकदा न्हाई, दोनदा म्हणली. पोरगं तेवढं काचेतून दुसरीकडं पाहून राह्यलं होतं. द्वारकाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं, माझ्या तोंडाकडं पाह्यलं, अन् आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता घरी गेली.

आत्ता कॅलेंडर पाह्यलं. बुधवार, पंचवीस तारीख. चौकोनात काळा गोळा हाये. अमावस्येला आपल्याकडं सोयरीक बोलायला कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत न्हाई. पण पोरगं पुण्याला, सुधारलेली माणसं, ती पाळत नसतील. बेबीला सांगितलं, तर म्हणली बुधवारी तिची शाळा हाये, उशिरापर्यंत.

कांताला म्हणलं, पुरण थोडंच घाल.

पाव्हणे बुधवारी येणार हायेत.